आकृती काढल्याशिवाय शंका विचारू नये

समस्त वाचकहो, आणि विशेषतः अकरावीत फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकावर बसून डबे खाल्लेल्या माझ्या बंधुभगिनींनो… आपणांस कळवण्यात येते की पुढील हकीकत अत्यंत गंभीर स्वरूपाची असून ती वाचताना कोणीही तोंडात घास ठेवू नये.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकांत मी दोनदा भूत झालेय — दुसऱ्या वेळी पहिल्या रांगेतलं एक बाळ रात्रभर किंचाळत होतं, असं त्याच्या आईने मला जिन्यात थांबवून ऐकवलं. तेव्हा पांढरी साडी आणि पावडरचा डबा यापलीकडे भुतांकडे काही नसतं, हे मी आतल्या गोटातली म्हणून सांगू शकते.

तर स्थळ कोथरूड. आमची जुनी सोसायटी, लिफ्ट मागाहून बाहेरून चिकटवलेली. तिसऱ्या मजल्यावर आम्ही. म्हणजे आता मी. आमचे हे ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त झाले आणि सोसायटीतली मुलं इंटरकॉमवर शंका विचारायला लागली. संध्याकाळच्या चहाच्या वेळी भिंतीवरचा तो पिवळट फोन वाजायचा, हे कप घेऊन स्टुलावर बसायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला — "आकृती काढलीस?" नसेल काढली तर फोन खाली. गुड बाय नाही, काही नाही. काढली असेल तर मूल विचार करेपर्यंत पेनाचं टोपण रिसीव्हरवर आपटत थांबायचे. टक… टक… टक. उत्तर कधीही सांगायचे नाहीत, नुसते प्रश्न विचारायचे. "पुस्तक टेबलावर आहे ना? मग पडत का नाही? खालून कोण धरतंय?" मुलाला उत्तर सापडलं की "शाब्बास" म्हणून लगेच फोन बंद. शंका सुटली, संभाषण संपलं. आणि मध्येच त्या मुलांकरवीच निरोप — "खाली काकू गप्पा मारत असेल, तिला सांग कुकर झालाय."

मागच्या हिवाळ्यात हे भाजी आणायला गेले आणि रस्त्यातच गेले. मी तेव्हा हॉलमध्ये तालमीला होते, रंगीत तालीम. हॉस्पिटलमध्ये पोचले ती तोंडाला रंग, डोक्यावर राणीचा मुकुट. नर्सने विचारलं, "पेशंटच्या कोण?" मी आधी मुकुट काढला. दुपारी मी घरातून निघताना ह्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य काय, तर "गॅसवर दूध आहे, विसरशील." एवढ्या मोठ्या संसाराचं शेवटचं वाक्य दुधाबद्दल! नाटकात असं लिहिलं असतं तर मी लेखकाला बदलायला लावलं असतं.

पुढे सोसायटीने इंटरकॉम बंद केला. आता गेटचं अ‍ॅप आहे. वॉचमनच्या केबिनमधला इंटरकॉमचा बोर्ड काढून भंगारात दिला. माझ्या घराला रंग दिला तेव्हा इलेक्ट्रिशियनने फोनची वायरही कापली. फोन तेवढा मी काढू दिला नाही.

आमच्या खाली शेख राहतात. त्यांचं कॅम्पात चष्म्याचं दुकान आहे, पिढ्यान् पिढ्या पुण्यातले. त्यांची सानिया ह्यांची लाडकी, कारण ती सगळ्यात जास्त चुकायची. एके संध्याकाळी शबानाभाभी वर आल्या, पदराशी चाळा करत.

"ताई, रागावू नका. सानिया बंद फोनवर बोलते."

"कोणाशी?"

"सरांशी म्हणते."

मी खाली गेले. सानिया अगदी शांत. "काकू, अडलं म्हणून सवयीने उचलला. काका म्हणाले, आकृती काढलीस?"

"अगं, ते तुझ्या डोक्यात बसलंय. माझ्याही बसलंय."

"असेल," ती म्हणाली. पुण्यात वाढलेली मुलगी, वाद घालून वेळ घालवत नाही. तिने समोर रिसीव्हर उचलला, आपला प्रश्न वाचला, ऐकलं, वहीत एक बाण खोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका म्हणतायत, काकूला सांग गॅसवर दूध आहे."

मंडळी, गॅसवर दूध होतं.

मी वर धावले. दूध काठाशी आलेलं. गॅस बंद केला. मग तशीच खाली आले, तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. काही नाही. शंख कानाला लावल्यावर येतो तेवढाही आवाज नाही.

"माझ्याशी का नाही बोलत गं?"

सानिया म्हणाली, "काकू, तुम्हाला शंका कुठे आहे? काका नुसत्या गप्पांना फोन घेत नाहीत."

बरोबर होतं. तीस वर्षं मी त्यांना हेच टोमणे मारत आले होते.

मी कॉमर्सची. मी अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक विकत आणलं. मुलगी बाणेरला असते, तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, हे grief असतं, आपण कोणाशी तरी बोलू या." म्हटलं, तेवढ्यासाठीच तर शिकतेय. सानिया रोज संध्याकाळी वर यायची आणि मला शिकवायची, ह्यांच्याच पद्धतीने, छळून. खोटी शंका चालणार नाही, असं तिने बजावलं होतं. खरोखर अडायला हवं. आणि अडण्यासाठी आधी थोडं समजावं लागतं, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

शिवाय मी भाषणही बसवत होते. आरशासमोर. सुरुवात "एवढ्या लवकर exit घेतलीत?" इथून, मग मोठा पॉज, मग मुकुटाची गोष्ट, मग हॉस्पिटलात जे बोलायचं राहिलं ते. शेवटी एक हुंदका, पण मोजका.

आणि एका संध्याकाळी मी खरीच अडले. उतारावर दोन किलोचा ठोकळा, उतार तीस अंशांचा, ठोकळा घसरत नाही, तर friction किती. लग्नपत्रिकेच्या मागे आकृती काढली. वजनाचा बाण खाली, friction चा उतारावरून वर. जुळेना. माझ्या आकृतीतला ठोकळा सरळ जमिनीत घुसत होता. घरात मी एकटीच. भिंतीवरचा फोन उचलला. वायरचं कापलेलं टोक समोर लोंबत होतं, तांब्याच्या तारा दिसत होत्या. मी गणित मोठ्याने वाचलं.

टक… टक… टक.

बाकी काही नाही. एक शब्द नाही. फक्त ते वाट पाहणं.

आणि मी वेडी, मला घाई झाली. पेन्सिल घेतली, पुन्हा बघितलं, ठोकळ्याला खालून कोण धरतंय ते दिसलं. तिसरा बाण काढला. दहा न्यूटन. बरोबर आलं… आणि टकटक थांबली. चुकीचं सोडवत बसले असते तर? आठवडाभर बसले असते. पण मूर्खासारखी मी शाब्बासकीच्या लायकीची निघाले.

त्यानंतर माझा फोन गप्प आहे. सानियाचाही. इलेक्ट्रिशियन पुन्हा येऊन बघून गेला, म्हणाला, "वहिनी, ह्यात आवाज यायला काही उरलंच नाहीये." मुलीकडे grief आहे, शबानाभाभींकडे दुवा आहे, माझ्याकडे आकृती आहे. पत्रिका फ्रिजवर लावून ठेवलीय.

सगळे मात्र एकच विचारतात — नवरा लाइनवर होता, तू बोललीस काय? ते पाठ केलेलं भाषण? तर मंडळी, पहिली टकटक ऐकली आणि ते फोन ठेवतील या भीतीने माझ्या तोंडून जे निघालं ते एवढंच —

"अहो, ठेवू नका, आकृती काढलीय मी."