रंगवलेली चाकं आणि आंबोलीचा घाट

आमचं घर शिरोड्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने आमच्या गाडीच्या ॲलॉय चाकांची पार रया घालवली होती. रंगाखाली फोड आले होते, कडेने पांढरी भुकटी सुटत होती, आणि टायरमधली हवासुद्धा हळूहळू जायची. भाऊ बोटीवर असतो, त्यामुळे गाडी मीच चालवते, रोज वेंगुर्ल्याला नोकरीवर जाते. वहिनी बाळंतपणाला आंबोलीला माहेरी गेली होती. आता बाळाला घरी आणायचं ठरलं, तेव्हा आईच्या मनात आलं की त्याआधी गाडी जरा नीटनेटकी करावी.

सावंतवाडीजवळ एक जण चाकं रंगवून द्यायचा. टायर उतरवून, जुना रंग काढून, वर पावडरचा थर देऊन तो चाक भट्टीत भाजायचा. मी कुठेतरी ऐकलं होतं की असं चाक फार तापलं तर कमजोर होतं. म्हणून त्याला भट्टीच्या उष्णतेबद्दल विचारलं, चाकाला कुठे चीर आहे का तेही बघायला सांगितलं. तो चिडला नाही. रंग निघालेली चारही चाकं त्याने माझ्यासमोर उजेडात फिरवून दाखवली, भट्टीचा काटा दाखवला. मी निश्चिंत झाले. ती मूळ चाकं आहेत हे सांगूनही खरं वाटणार नाही, इतकी ती झळझळीत होऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी आंबोलीला गेलो. चढताना काही जाणवलं नाही. वहिनीच्या माहेरी जेवणं झाली, ओटी भरली, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी, वहिनी बाळाला घेऊन मागे. घाट उतरायला लागल्यावर थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, कुठूनतरी टकटक येतेय. मला वाटलं, डिकीतला डबा हलत असेल. आईला तर काहीच ऐकू येत नव्हतं. पुढच्या वळणावर स्टिअरिंग माझ्या हातात किंचित थरथरलं, पण रस्ता खराब आहे अशी मी मनाची समजूत घातली.

"वन्सं, गाडी थांबवा," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण ती विचारत नव्हती. "चाकातसून आवाज येता. माका पक्का आयकाक येता."

मक्याची कणसं भाजणाऱ्या एका टपरीजवळ मी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून पुढचं डावं चाक बघितलं. नवा रंग चकाकत होता. नटाला हात लावला तर तो बोटांनी फिरला. दुसराही फिरला. मी तिथेच कठड्यावर बसले. समोर दरी होती.

एक जीपवाला थांबला. त्याने पान्ह्याने नट आवळून दिले, पण नट आपोआप इतके सैल व्हावेत हे त्याला बरोबर वाटेना. आई म्हणाली, आता आवळलेत ना, मग सावकाश जाऊ. मलाही तेच वाटत होतं. अजून उजेड होता, बाळ निजलेलं होतं. वहिनी मात्र गाडीत बसायला तयार झाली नाही. का सैल झाले ते कळल्याशिवाय आपण बाळाला घेऊन बसणार नाही, एवढंच ती म्हणाली. मागून एसटी आली, वहिनीने हात केला. आई, वहिनी आणि बाळ त्या गाडीने खाली गेली. मी रंगवाल्याला फोन लावला, गाडीत बाळ होतं तेही सांगितलं, आणि थांबले.

तो मोटारसायकलवरून आला. मी भांडायच्या तयारीत होते. पण त्याने चाक उतरवलं, उलटं करून बघितलं आणि बोटाने मला आतली बाजू दाखवली. चाक जिथे गाडीला टेकतं तिथे, आणि नट जिथे बसतात त्या खळग्यांतही, रंगाचा जाड थर होता. भाजण्याआधी तेवढी जागा झाकायची राहिली होती. गाडी चालली तसा नटांखालचा रंग दबून निघाला आणि नट मोकळे झाले.

"चूक माझी," तो म्हणाला. "पोर होता ना गाडीत?"

मी हो म्हटलं. त्याने चारही चाकं एकेक करून उतरवली आणि तेवढ्या जागेतला रंग खरवडून धातू उघडा केला. आटे बिघडलेत का ते पाहिलं, बिघडले नव्हते. मग मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने नट समोरासमोरचे धरून आवळले. सावंतवाडीला पोचल्यावर ते पुन्हा तपासायचे असंही ठरलं.

त्यानंतर त्याने जे केलं त्याने माझा राग गेला. कठड्याला टेकून, ज्यांची ज्यांची चाकं रंगवली होती त्या सगळ्यांना तो फोन करू लागला. प्रत्येकाला एकच सांगत होता, असेल तिथेच थांबायचं: "गाडी असात थंय उभी कर आणि नट बघ. मागसून माझ्याकडे ये." कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत असावं. तो ऐकून घेत होता आणि पुढचा नंबर लावत होता. आम्ही निघायच्या बेतात असताना एकाचा उलट फोन आला. तो दोडामार्गहून गोव्याला भाडी नेणारा. त्याचेही नट सैल निघाले होते, आणि गाडी अजून अंगणातच होती. फोन ठेवल्यावर रंगवाल्याने रुमालाने तोंड पुसलं. ते पुसणं बराच वेळ चाललं.

सावंतवाडीला नट पुन्हा तपासले, ते जागच्या जागी घट्ट होते. घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने अजून बाळाला ओवाळलं नव्हतं. वहिनी म्हणाली होती, वन्सं आल्याशिवाय नको. ती ओट्यावर बाळाला घेऊन बसली होती. मी चाकं का सैल झाली ते सांगितलं, तसं तिने मान हलवली, बाळ माझ्याकडे दिलं आणि ताट आणायला आत गेली.