पडवीसाठी घेतलेला कॅमेरा

कॅमेरा घ्यायचं माझ्या डोक्यात भरवलं ते आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याने. पुण्याचे गृहस्थ होते, बायकोबरोबर आले होते. तारकर्लीला आमचं घर वाळूच्या अगदी कडेला. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मी असे तिघं राहतो. भावाने परसात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात, त्याच्यावर त्याचं चालतं. मी मालवणच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे, आता निवृत्त झालेय. लग्न केलं नाही, त्यामुळे माहेर सोडायचा प्रश्नच आला नाही.

गुडघे दुखायला लागल्यापासून माझं वाळूत उतरणं बंद झालं होतं. सकाळ-संध्याकाळ पुढच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचं, समोरच्या चार माडांमधून समुद्र बघायचा. त्या दिवशी ते पाहुणे माझ्या बाजूला येऊन बसले आणि गळ्यातला कॅमेरा त्यांनी माझ्या हातात दिला. ‘‘बाई, हे बटण असं उजवीकडे ढकला.’’

ढकललं. लेन्स घूं करून पुढे सरकली. समोर नुसता ठिपका दिसत होता ती होडी झाली, मग होडीतला माणूस झाला, मग त्याच्या डोक्याला गुंडाळलेला लाल पंचा दिसला. तो कोणाशी तरी बोलत हसत होता. वर्षानुवर्षं ज्या समुद्रासमोर बसले त्यात माणसं हसतात हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन महिने मी दुसरा विचार केला नाही. दुपारची जेवणं झाली की मोबाइलवर कॅमेऱ्यांची माहिती वाचत बसायचे. भाऊ जाता-येता म्हणायचा, ‘‘आक्का, ह्या वयात तुका कॅमेरो कशाक व्हयो? मोबाइलात फोटो येत नाय काय?’’

येत होते. पण मोबाइलात झूम केलं की होडीचा चिखल व्हायचा. तो खरा झूम नसतो, आहे तेच चित्र मशीन ताणून दाखवतं, हे मला तेव्हा कळलं. मोठे, लेन्स बदलायचे कॅमेरे बघितले. त्यांची चित्रं देखणी, पण लांबचं दिसायला वेगळी लेन्स लागते, ती उचलायलाच दुसरा माणूस हवा. आणि आमच्याकडे लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे मध्ये वाळू आणि खारा वारा आत घ्यायचा. मला एकच वस्तू हवी होती. अंगणातल्या जास्वंदीवरची मुंगीही तिच्यात दिसावी आणि खुर्चीतून न उठता समुद्रातली होडीही दिसावी. अशा कॅमेऱ्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. काळोख पडायला लागला की त्याच्या चित्रात दाणे येतात, हेही वाचलं होतं. चालेल म्हटलं. काळोखात मला काय बघायचं होतं?

भाऊ खोल्यांसाठी चादरी आणायला कोल्हापूरला निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले. दुकानदार तरतरीत होता. मी समोर बसलेली, प्रश्न मी विचारत होते, आणि तो उत्तरं माझ्या भावाला देत होता.

‘‘साहेब, हे मॉडेल आता कोणी घेत नाही. कंपन्यांनीच बनवायचं कमी केलंय. मॅडमना चांगला मोबाइल घेऊन द्या.’’

‘‘घेऊन देणारे ते नाहीत,’’ मी म्हटलं. ‘‘मी घेतेय. हात हलला तरी चित्र स्थिर राहतं का, ते दाखवा. आणि डोळा लावून बघायची खिडकी आहे ना? उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही.’’

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग मागच्या कपाटातून एक काढला. हातात घेतल्यावर कळलं की हाच. उजव्या हाताची पकड जाडजूड होती, माझी बोटं दुखली नाहीत. परतताना भाऊ घाटभर चादरींबद्दल बोलत होता. मी खोका मांडीवर धरून बसले होते.

पुढचं एक वर्ष बरं गेलं. माझ्या आयुष्यात ‘बरं’ म्हणावं अशी वर्षं फार नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. सकाळी चहा घेऊन पडवीत बसायचं. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या पाठी, जाळ्यावर झडप घालणारे कावळे, माडावर चढलेला माणूस, भरतीच्या रेषेवर धावणारे बारके पक्षी, सगळं मी खुर्चीत बसून टिपलं. सुरूच्या झाडावर समुद्रगरुडाची जोडी यायची. तिचा एक फोटो असा आला की मला स्वतःलाच खरं वाटेना, मादीच्या पायातला मासा अजून वळवळत होता.

फोटो भावाच्या बायकोला दाखवायचे. तिला आवडायचे. ‘‘वन्सं, ह्यो माका धाडा हां,’’ म्हणायची. मी मोबाइलवर पाठवून द्यायचे. घरातल्या घरात कसला विचार करायचा?

एका संध्याकाळी मालवणहून रिक्षाने येताना देवबागच्या फाट्यावर मोठा फलक दिसला. आमच्या घराची जाहिरात. त्यावर तो गरुड आणि खाली रापण. ‘आमच्या अंगणातून दिसणारं दृश्य’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. घरी येऊन भावाला विचारलं, ‘‘माझे फोटो लावलंस, माका इचारूक नको होता?’’

‘‘त्यात काय इचारूचा? घरचेच फोटो मा ते.’’

‘‘घरचे नाय. माझे.’’

तो हसला. ‘‘बरां, तुझे. पण गिऱ्हाईकां किती वाढली बघलंस मगे?’’

वाढली होती खरी. माणसं यायची, परसातल्या खोलीत सामान टाकायची आणि विचारायची, फोटोतला समुद्र कुठे आहे? परसातून विहीर दिसायची, आणि शेजाऱ्यांचा गोठा. मग ती पुढे येऊन माझ्या पडवीत उभी राहायची, माझ्या खुर्चीच्या पुढ्यात. एका बाईने मला ‘‘आंटी, जरा सरकता का?’’ असं विचारलं. मी सरकले.

दिवाळीनंतर अंगणात चिऱ्यांची गाडी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, कुंपणाच्या गडग्यासाठी आणले असतील. मग चार माडांतले दोन पडले. मी बाहेर आले तेव्हा दुसरा आडवा झाला होता.

‘‘काय चल्लाहा ह्या?’’

‘‘आक्का, पुढे खाली दोन, वर दोन खोलये काढूचे आसत. लोकांका समुद्र दिसणारी खोली व्हयी. परसात कोण रवता आता?’’

‘‘आणि पडवी?’’

‘‘पडवी खंय जाता? आसा थंयच.’’

पडवी खरंच आहे तिथेच. तिच्यासमोर हाताच्या अंतरावर नव्या खोल्यांची पाठ आहे. खाली बाथरूमच्या जाळ्या, वर पाण्याचे पाइप. घरावर वडलांनी आम्हा दोघांची नावं लावली होती. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मगे मी काय तुका भायर काढलंय?’’ ते खरं. त्याने मला बाहेर काढलं नाही, जेवायला वाढतात, औषधं आणून देतात, गावात माझ्याबद्दल वाईट शब्द बोलत नाहीत. भांडायचं कशावरून? समोर भिंत आली, एवढ्यावरून? लोक म्हणतील, म्हातारी खुळावली.

खोल्या पुऱ्या झाल्यावर भाऊ पडवीत आला. ‘‘आक्का, नव्या खोलयांचे चार फोटो काढ गो. तुझ्यासारखो हात दुसऱ्याक नाय.’’

‘‘नाय काढूचंय.’’

‘‘नाय म्हणजे?’’

‘‘नाय म्हणजे नाय.’’

त्याला राग आला. त्याच्या बायकोलाही आला. मग मालवणहून एक जण ड्रोन घेऊन आला. त्याने वरून फोटो काढले, त्यात आमचं कौलारू घर नव्या इमारतीच्या मागे एवढंसं दिसतं. पडवी दिसत नाही.

पावसाळ्यात पाहुणे नसतात. आषाढातल्या एका दुपारी पाऊस थांबला तेव्हा भावाची बायको म्हणाली, ‘‘वन्सं, वयली खोली रिकामी आसा. जावन बसा थंय, फोटो काढा.’’ तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला बहुतेक माझी दया आली होती, आणि तेच मला लागलं.

तरी गेले. कठड्याला धरून, पायरीगणिक थांबत. खोलीत नव्या रंगाचा वास होता, पलंगावर कोल्हापूरच्या चादरी. बाल्कनीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसले आणि समोर बघितलं.

पडवीतून मला आयुष्यभर माडांमधली एक फट दिसत होती. इथून सगळं होतं. उत्तरेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, दक्षिणेला देवबागची वाळू बारीक होत खाडीत शिरलेली, मध्ये पिवळट उधाणलेला समुद्र, त्यावर सरकत चाललेला सरींचा पडदा. इतकं सुंदर की मला रडू आलं. भावाचं चुकलं असतं, जागा भिकार असती, तर बरं झालं असतं. मी कॅमेरा सुरू केला, लेन्स पुढे सरकली. डोळा लावून थोडा वेळ बघितलं. मग बंद केला.

जिन्यात पावलं वाजली. भाऊ वर आला होता. त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

‘‘आक्का, वांयच चपला खाली काढ हां. नवी फरशी आसा, डाग पडतत.’’

मी चपला काढून हातात घेतल्या. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली त्याची बायको बांगडे साफ करत होती.

‘‘बरे इले फोटो?’’ तिने विचारलं.

‘‘उजेड नव्हतो,’’ मी म्हटलं, आणि तिच्या बाजूला पाट घेऊन खोबरं किसायला बसले.