खिळ्यावरची फडकी

आमच्या मामीला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. पण अख्ख्या गावातल्या गाड्यांच्या पोटात काय चाललंय ते तिला घरबसल्या कळायचं, आणि त्याचं सगळं श्रेय तीस वर्षं मामानं खाल्लं. आज दोघंही नाहीत, त्यामुळे खरं काय ते सांगायला हरकत नाही.

मामाचं गॅरेज घराला लागूनच होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून तीन पायऱ्या उतरलं की थेट गाडीच्या बॉनेटपाशी. लोक मामाला डॉक्टर म्हणायचे. मामाही मग डॉक्टरसारखाच वागायचा. गाडी आली की ऑइल मोजायची पट्टी ओढून काढायचा, चिमटीत ऑइल चोळायचा, हुंगायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "उद्या सांगतो." लोकांना वाटायचं, डॉक्टर रात्रभर विचार करणार. विचार कसला करतोय? तो ताणून द्यायचा. विचार करायची ती मामी.

मामी जुन्या पांढऱ्या चादरींचे वीतभर तुकडे करायची. ते सोडा घालून उकळायची, कडक उन्हात वाळवायची. दर गाडीचं फडकं वेगळं आणि दर फडक्याचा खिळा वेगळा. मागच्या दाराजवळच्या भिंतीवर खिळ्यांच्या तीन रांगा होत्या. मामा पट्टीवरचा एक थेंब त्या गाडीच्या फडक्यावर सोडून ते टांगून ठेवायचा. सकाळपर्यंत थेंब पसरायचा. मग चहाचं आधण ठेवून मामी एकेक फडकं खिडकीच्या उजेडात धरायची. मधे काळा ठिपका, भोवती करडं कडं, त्याच्या बाहेर फिकट पिवळं. कड कातरल्यासारखी आली तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. काळं सगळं मधेच साचून राहिलं तर ऑइलचा जीव गेलाय. आणि बाहेरचं फिकट कडं फार लांबवर पळालं तर डिझेल मिसळतंय.

"त्या निळ्या टेम्पोत पाणी जातंय," ती चहा गाळता गाळता सांगायची. मग नऊ वाजता मामा गंभीर चेहऱ्यानं टेम्पोवाल्याला तेच सांगायचा, आणि टेम्पोवाला हात जोडायचा.

मी शाळेच्या सुट्ट्या त्याच पायऱ्यांवर बसून घालवल्या. एकदा मी मामीला विचारलं, "सगळे मामालाच हुशार म्हणतात. तुला राग नाही येत?"

"नाक त्यांचं, फडकं माझं," मामी म्हणाली. "घर तर एकच आहे ना."

मामाचा जीव घट्ट ऑइलवर होता. पातळ ऑइल आणि पातळ चहा त्याला सारखेच नावडते. डब्यातून ऑइल ओतताना धार जितकी सावकाश पडेल तितका तो खूश. त्या काळातल्या इंजिनांना ते चालायचंही. त्याचा तो वास, तो डबा उपडा धरून शेवटचा थेंब निथळेपर्यंत उभं राहणं, हे सगळं माझ्या अंगात इतकं मुरलंय की आजही कुठे ऑइल ओतताना दिसलं की माझे पाय थांबतात.

मामा गेला आणि गॅरेज बंद झालं. लोक आपापल्या गाड्या दुसरीकडे नेऊ लागले. एक गाडी गेली की मामी तिचं फडकं उतरवायची, धुवायची, घडी घालून खालच्या खणात ठेवायची. वर्षभरात भिंत मोकळी झाली. उरले नुसते खिळे. ते गंजू नयेत म्हणून मामी दर महिन्याला त्यांना ऑइलचं बोट लावायची. कशाला, असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे मी नोकरी सोडून पिकअप घेतली. घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. लहानपणापासून माझं नाव उतावळ्या, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही एवढंच. एका मोठ्या बेकरीचा पाव पहाटे दुकानादुकानांत पोचवायचं काम मिळालं होतं. गाडी नवी कोरी, डिझेलची, समोर टीव्हीसारखा पडदा. पहिल्याच रविवारी मी ती मामीला दाखवायला घेऊन गेलो.

मामीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग विचारलं, "ऑइल कुठलं घालतात रे हिला?"

"झीरो डब्ल्यू थर्टी," मी ऐटीत सांगितलं.

"झीरो? म्हणजे पाणीच की. तुझे मामा असते तर गाडीला हात लावला नसता त्यांनी." ती हसली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चादरीचा एक पांढराशुभ्र तुकडा होता. "एक थेंब दे. हिलाही खिळा ठेवू."

आणि मी, मूर्खासारखा, म्हणालो, "मामी, डाग बघायचे दिवस गेले आता. ही गाडी स्वतःच सांगते, ऑइल कधी बदलायचं ते."

तिनं तुकड्याची घडी घातली. "बरं झालं," म्हणाली. "चल, पान वाढते." जेवताना तिनं गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक मागितलं. चारशे पानांचं ते पुस्तक मी प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. देऊन टाकलं. तिच्या चेहऱ्यावरून काय निघून गेलं ते मला त्या दिवशी दिसलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. दिसलं होतं. मला लाज वाटते, पण दिसलं होतं.

माझा धंदा बरा चालला होता. रोज वीस-बावीस दुकानं, सगळी तीन-चार किलोमीटरच्या आत. दुकानापाशी गाडी बंद, पावाचे ट्रे उतरवायचे, पुन्हा चालू, पुन्हा बंद. सात महिने झाले. एका रविवारी मामीकडे बसलो असताना मी फुशारकी मारली. "मामी, मामाच्या गाड्या ऑइल प्यायच्या. माझी बघ. काल पट्टी बघितली, ऑइल कमी होणं सोड, खुणेच्या वर गेलंय."

मामी भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "काय म्हणालास? वाढलंय?"

"बोटभर."

"ऑइल जळतं, गळतं, कमी होतं. वाढत नाही ते. वाढलंय म्हणजे आत दुसरं काहीतरी आलंय." ती उठली. "पडद्यावर काय लिहून येतंय?"

"काहीच नाही. सगळं ठीक दाखवतोय."

"बॉनेट उघड."

या खेपेला मी लगेच उघडलं. तिनं पट्टी ओढली, थेंब फडक्यावर सोडला आणि पट्टी नाकाशी धरली. मग मला दिली. मलाही वास आला. डिझेल. मी सकाळपर्यंत थांबायला तयार नव्हतो, पण तिनं किल्ली काढून आपल्या कमरेला खोचली. बेकरीला फोन करून मी एक दिवस मागून घेतला. नोकरी सोडून घेतलेली गाडी, अजून वर्षाची नाही, आणि तिचं इंजिन पातळ झालेल्या ऑइलवर धावतंय.

सकाळी मामीनं फडकं खिडकीत धरलं. फिकट कडं कापडाच्या काठापर्यंत पळालं होतं. मग तिनं खालच्या खणातून दुसरं फडकं काढून शेजारी धरलं. त्यावर एकच डाग होता, नीटस, गोल. "हा पहिल्या दिवसाचा," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसाचा? कधी घेतलास?"

"तू जेवून झोपलास तेव्हा. किल्ली टेबलावर होती." आणि वर पुन्हा म्हणाली, "विचारून दिला नाहीस, मग न विचारता घेतला."

मग तिनं माहितीपुस्तक आणलं. त्यात जागोजागी दोरे घातलेले होते. माझ्या पुस्तकाची चारशेच्या चारशे पानं तिनं भिंग घेऊन वाचली होती. पान दोनशे बारा तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. सायलेन्सरच्या नळीत काजळी धरणारी एक जाळी असते. ती भरली की गाडी थोडं जास्तीचं डिझेल सोडून नळी तापवते आणि काजळी जाळते. त्यासाठी गाडी सलग वीसेक मिनिटं पळायला हवी. मी तर दर पाच मिनिटांनी गाडी बंद करत होतो. जळणं अर्धवट राहायचं आणि ते जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरायचं. कंपनीच्या वर्कशॉपमध्येही तेच सांगितलं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर बेअरिंग गेली असती, म्हणाले.

नवं ऑइल घ्यायला मी मामीला घेऊन चालतच गेलो. दुकानदार मामाच्या ओळखीचा. "माल वाहता ना? मग घट्ट घाला. डॉक्टरसाहेब कायम हेच न्यायचे," म्हणाला आणि मामाचा तो जुना ओळखीचा डबा त्यानं टेबलावर ठेवला. माझा हात डब्याकडे गेलाही. मामाचा डबा होता तो.

"डबा फिरवा जरा," मामी म्हणाली. तिनं पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर पुस्तकातून उतरवून घेतलेली अक्षरं आणि आकडे होते. डब्याच्या मागचा मजकूर तिनं बोट ठेवून वाचला. "नाही. हे जळलं की राख उरते, आणि राख त्या जाळीत बसते. काजळी जळते, राख जळत नाही. कमी राखेचं दाखवा, झीरो डब्ल्यू थर्टी."

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी अभिमानानं आढ्याकडे बघू लागलो.

"त्यांच्या गाड्यांना ते बरोबर होतं," दुकानातून निघताना मामी म्हणाली. "ही त्यांची गाडी नाही." एवढं बोलून तिनं मागे वळून तो जुना डबा एकदा बघितला. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

घरी आल्यावर तिनं खिळ्यांच्या पहिल्या रांगेतल्या पहिल्या खिळ्यावर माझ्या गाडीचं फडकं टांगलं.

वर्कशॉपवाल्यानं सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवा. मी मामीला म्हणालो, "दर रविवारी तू चल. एकटा गेलो तर मला कंटाळा येतो." ती पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा कुठे अडकवायचा ते तिला कळेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तीस वर्षं दारात गाड्या उभ्या होत्या, पण त्या लोकांच्या. उगाच फिरायला म्हणून मामी कधी गाडीत बसलीच नव्हती.

मग आमचे रविवार सुरू झाले. निघण्याआधी ती थेंब घ्यायची, मागच्या रविवारचा डाग बघायची, फडकं खिळ्याला लावायची आणि पायात चपला सरकवून गाडीत चढायची. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. ती मामाच्या गोष्टी सांगायची, मधूनच गप्प बसून इंजिन ऐकायची. मोठा ट्रक मागे टाकला की हळूच हसायची. दीड वर्षानं माझं काम बदललं. बेकरीनं दुसऱ्या शहरात दुकान काढलं आणि मी रोज दोनशे किलोमीटर सलग जाऊ-येऊ लागलो. जाळी आपोआप साफ होऊ लागली. रविवारच्या फेरीची गाडीला काडीचीही गरज उरली नाही. मी मामीला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी एकदा तिला सांगितलं होतं की तुझी गरज नाही. पुन्हा तेच सांगायचं माझ्या जिवावर आलं.

अशी आणखी दोन वर्षं गेली. मामी थकली. पायरी उतरताना मला हात द्यावा लागायचा. एका रविवारी तिनं फडकं खिडकीत धरलं आणि बराच वेळ खाली घेतलंच नाही.

"उतावळ्या," ती म्हणाली, "ही गाडी रोज लांब जाते ना रे?"

मी किल्ली बोटात फिरवत राहिलो.

"डिझेलचं कडं केव्हाच गेलंय. डाग सांगतो सगळं. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू न्यायचं बंद केलं असतंस." ती फडक्यावरून हात फिरवत राहिली. "मला वाटायचं, ह्याला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत फिरून घ्यावं."

"मामी, मला कळलं होतं," मी म्हणालो. "पहिल्या आठवड्यातच."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग फडकं पहिल्या खिळ्यावर नीट लावलं, चपला शोधल्या आणि हात पुढे केला.

"चल मग," म्हणाली. "आज जरा लांबच्या रस्त्यानं घे."