गाठ आहे तिथे ट्यूमर

"छाया, लग्नट्यूमर म्हणजे काय?" देवरे सरांनी विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सरांनी प्रिंटचं पान माझ्यासमोर धरलं. पान अकरा, वरून चौथी ओळ. 'आमची लग्नट्यूमर सिन्नरला मामांच्या अंगणात बांधली गेली.'

"आणि हे बघ, पान चौदा. 'धावतपळत कसंबसं स्टेशन ट्यूमरलं.' कोणतं स्टेशन हे? मी तर नाशिक रोडला एवढी वर्षं जातोय, मला कधी ट्यूमरता आलं नाही."

सर चिडले की जास्त विनोद करतात.

मी डीटीपी ऑपरेटर आहे. लेखकाने हाताने लिहिलेलं कॉम्प्युटरवर टाइप करायचं, पानं लावायची, लेखकाने काढलेल्या चुका दुरुस्त करायच्या, एवढं माझं काम. शिक्षण नववी, तीही धड नाही. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचं. लग्न झालं आणि मिस्टरांच्या नोकरीमागे इतक्या लांब आले. ते सिन्नरला कंपनीत आहेत. नाशिकमध्ये शालिमारजवळच्या या छोट्या प्रेसमध्ये कामाला आले तेव्हा सरांनी मार्कशीट मागितली नाही. एक पान टाइप करायला दिलं, वाचून बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून या." त्या दिवसाचे उपकार मी मानते. पण त्यामुळेच हातून काही चुकलं की डोक्यात पहिला विचार येतो, आता काढून टाकतील.

पुस्तक होतं गायधनी काकूंचं. काकू शाळेत मराठीच्या शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या. त्यांचे मिस्टर एकलहऱ्याला पॉवर स्टेशनमध्ये होते. ते कॅन्सरने गेले. त्या आजारपणावर काकूंनी चार वह्या भरून लिहिलं होतं. रविवारी काकांचं वर्षश्राद्ध होतं आणि त्या दिवशी पुस्तक घरच्यांच्या हातात द्यायचं होतं. लग्नट्यूमर सापडला तो गुरुवार. शुक्रवारी सकाळी पानं मशीनवर चढणार, शनिवारी बाइंडिंग. म्हणजे दुरुस्तीला हातात एकच दिवस.

चूक कशी झाली ते सांगते. काकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहून दिली होती. त्यांनी मजकूर वाचला आणि सरांना फोन केला, की गाठ हा शब्द नेमका नाही, चरबीची साधी गाठ असते तीही गाठच, वाचणारा उगाच घाबरेल. सर तेव्हा बाहेर होते. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "डॉक्टरांचा निरोप आहे. गाठ आहे तिथे ट्यूमर कर आणि फायनल करून टाक."

मी तसंच केलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिप्लेस ऑल' म्हणून एक सोय असते. जुना शब्द सांगायचा, नवा सांगायचा, बटण दाबायचं. सगळ्या पुस्तकात एका क्षणात बदल होतो. स्क्रीनवर आलं, एकशे अडतीस ठिकाणी बदल केला. मला बरं वाटलं, केवढं काम वाचलं! मग दिसलं की 'गाठीचा' होतं तिथे 'ट्यूमरीचा' झालंय. म्हणून ट्यूमरीचं परत ट्यूमर केलं. तेही सगळीकडे. फाइल सेव्ह केली, बंद केली, घरी गेले.

मराठीत गाठ किती ठिकाणी बसलेली असते, हा विचारच माझ्या मनात आला नाही. गाठीभेटी, गाठोडं, गाठीशी अनुभव, मुक्काम गाठला. सगळ्यांचे ट्यूमर झाले.

"उलटं करता येईल ना?" सर म्हणाले. "ट्यूमर आहे तिथे गाठ."

"नाही सर. काकूंनी मुळातच काही ठिकाणी ट्यूमर लिहिलंय. रिपोर्टमध्ये, डॉक्टरांच्या बोलण्यात. ते पण गाठ होईल. आणि वेलांट्या मी उडवल्या, त्या परत येणार नाहीत."

"जुनी कॉपी?"

"पेन ड्राइव्हवर आहे. पण ती पहिल्या प्रूफच्या आधीची. काकूंच्या सगळ्या दुरुस्त्या जातील."

सरांनी चष्मा काढला. "बरं, जिथे खरंच आजाराची गाठ आहे, तिथे तरी बरोबर आहे ना?" मग स्वतःच एक ओळ वाचली. "'ट्यूमर मोठी झाली होती.' ट्यूमर मोठी? गाठ ती, ट्यूमर तो. म्हणजे हेही गेलं. मॅडम, एक वाक्य सोडलं नाही तुम्ही!"

सरांनी मला मॅडम म्हटलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

शेवटी ठरलं ते असं. वह्या आणि लाल पेनाने दुरुस्त केलेली प्रुफं काकूंकडे परत गेली होती. ती आणायची आणि ओळीला ओळ लावून ताळा बघायचा.

"काय झालं ते त्यांना सांगू नको," सर म्हणाले. "शेवटची नजर टाकायची आहे म्हण. वर्षश्राद्ध तोंडावर आलंय, बाईंना त्रास नको."

मी प्रिंट पिशवीत घालून सिटी बसने नाशिक रोडला गेले. वाटेत खोटं बोलायची प्रॅक्टिस केली.

दार काकूंनीच उघडलं. "अगं छाया, तू? पुस्तक झालं?"

"हो. म्हणजे जवळजवळ. फक्त वह्या आणि प्रुफं पाहिजे होती. शेवटची नजर टाकायला."

"परवा तर फायनल म्हणालीस."

"हो, पण सर म्हणाले..."

न केलेल्या गृहपाठाची कारणं काकूंनी आयुष्यभर ऐकलेली. त्या फक्त बघत राहिल्या. मी पिशवीतून पान अकरा काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं रडतील, नाहीतर ओरडतील.

"किती ठिकाणी?" त्यांनी विचारलं.

"एकशे अडतीस."

"आणि हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

मी डॉक्टरांचा निरोप सांगितला.

"वा! डॉक्टरांनी सरांना सांगितलं, सरांनी तुला सांगितलं. पुस्तक लिहिणारीला कोणी विचारलं?" त्या उठल्या, वह्या आणि प्रुफं आणली, लाल पेन आणलं. "बस. चहा मग करू. मी वहीतून मोठ्याने वाचते, तू प्रिंटवर बघ. ट्यूमर आला की थांबव."

प्रूफ तपासायची ही जुनी आणि सगळ्यात खात्रीची पद्धत आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. प्रश्न एवढाच होता की आजाराच्या जागी काय ठेवायचं, गाठ की ट्यूमर?

काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात तर ट्यूमरच ठेवू. मी मराठीची बाई, त्यातलं मला काय कळतं? क्रियापदं तेवढी सुधारू."

काकू वाचत होत्या, मी थांबवत होते. खरं सांगायचं तर मी हे पुस्तक तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. टाइप करताना आम्ही वाचत नाही, अक्षरं बघतो. चारही वह्या माझ्या बोटांखालून गेल्या होत्या आणि काका कसे होते, ते मला माहीत नव्हतं.

काकांना पत्त्यांचं वेड. घरात तिघंच, हे दोघं आणि मुलगी. म्हणून खेळ एकच, पाच-तीन-दोन. त्याला तीनच माणसं लागतात. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन. काका हुकमाचं पान आपटताना दर वेळी एकच डायलॉग मारायचे, "गाठ माझ्याशी आहे!" केमोला जातानाही पत्त्यांचा कॅट खिशात असायचा. सलाइन लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने पानं टाकायचे. नर्स रागवायची. काका म्हणायचे, "सिस्टर, बसा, तुम्हाला दोन हातांवर सोडतो."

मग ते पान आलं. पहिला रिपोर्ट. काकूंनी वाचलं, "डॉक्टर म्हणाले, गाठ आहे. हे लगेच म्हणाले, तिला सांगा, गाठ माझ्याशी आहे. डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. आम्ही पण हसलो."

माझ्या प्रिंटवर दोन्हीकडे ट्यूमर होता. 'ट्यूमर आहे.' 'ट्यूमर माझ्याशी आहे.'

काकू म्हणाल्या, "दुसऱ्या ठिकाणी गाठ कर. पहिल्या ठिकाणी असू दे, डॉक्टरांचंच बोलणं आहे."

मी पेन टेकवलं, पण लिहवेना. माझ्यासारखीने शिक्षिकेला आणि डॉक्टरला काय सांगायचं? तरी बोलले. "काकू, डॉक्टर जर ट्यूमर म्हणाले, तर काकांचं बोलणं लागत नाही. ते गाठ म्हणाले म्हणून काका तसं म्हणाले. मग हसायचं काहीच नाही त्यात."

काकूंनी वही मांडीवर ठेवली. ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. मला वाटलं, जास्त बोलले.

"नववी ना तुझी?"

"नापास."

"ज्याने नापास केलं त्याला माझ्याकडे पाठव."

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ओपीडी चालू होती, तरी ते बोलले. काकूंनी ते दोन संवाद वाचून दाखवले. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. काकू नुसत्या "हो, हो" करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "त्यांना तो दिवस आठवतोय. म्हणाले, मी गाठच म्हटलं होतं, पेशंटसमोर गाठच म्हणतो. जे बोललो तेच छापा. सगळं होतं तसं कर."

आता रस्ता सरळ झाला. वहीत जे, तेच पानावर. दुपारी पोहे झाले, दोनदा चहा झाला. शेवटच्या प्रकरणाशी काकू थांबल्या आणि वही माझ्याकडे दिली. "हे तू वाच. मी प्रिंट बघते."

मी अडखळत वाचते. तसंच वाचलं. काका गेल्यावर महिन्याभराने मुलीने पत्ते काढले. दोघींत पाच-तीन-दोन होत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. तरी हाताच्या सवयीने काकूंनी पानं वाटली ती तीन जागी. तिसरा ढीग कोणी उचलायचा, हे कळेना. मग मुलीने तो उचलला, दोघींच्या पानांत मिसळला आणि म्हणाली, "आई, सात-आठ खेळू." तो दोघांचा खेळ. पहिला डाव काकू हरल्या, दुसरा जिंकल्या. पुस्तक तिथे संपतं.

त्या प्रकरणात ट्यूमर एकच होता, 'पत्त्यांच्या सुतळीची ट्यूमर सुटेना.' काकूंनी स्वतः लाल पेनाने तो खोडला आणि वर गाठ लिहिलं. टोपण लावलं. मोजून बघितलं, एकशे अडतीस भरले.

"सकाळपासून एकशे अडतीस ट्यूमर काढले आपण," काकू म्हणाल्या. वह्या एकावर एक रचल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचा एकच होता."

मी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले.

पाचच्या बसने परत आले. दुरुस्त्या टाकल्या, नवी प्रिंट काढली. सरांनी पान अकरा उघडलं. "बाईंना कळलं?"

"मी सांगितलं."

"मला वाटलंच," सर म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. मला काढलं नाही.

रविवारी पुस्तक वेळेवर पोचलं. आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. डॉक्टर आले होते. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी फोन करून प्रस्तावनेत शेवटी एक ओळ वाढवली होती, की या पुस्तकात गाठ हा शब्द मुद्दाम तसाच ठेवला आहे. मुद्दाम हा शब्द वाचून सरांनी माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर मी रिप्लेस ऑल वापरलेलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दुसरीही सोय असते, 'फाइंड नेक्स्ट'. ती एकेका शब्दापाशी थांबते आणि विचारते, इथे बदलू का? मी आधीचं वाक्य वाचते, पुढचं वाचते, मग उत्तर देते. स्पीड पुष्कळ कमी झाला आहे. परवाच सर मागे येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, पुस्तक छापायचंय, पाठ नाही करायचं."