कायम की बदली

निघायच्या दिवशी माझी बॅग चाळीखालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मोजली. दोन किलो जास्त भरली. मग आईने आमसुलं ठेवून मालवणी मसाला काढला, पुन्हा मसाला ठेवून आमसुलं काढली. माझी नऊ वर्षांची लेक ओवी बॅगेची चाकं फिरवत बसली होती. बाबांनी मात्र तेच विचारलं, जे ते सगळ्यांना विचारतात. "नोकरी कायम की बदली?" मी म्हटलं, "बाबा, जर्मनीत असलं काही नसतं." किती ठणकावून म्हटलं होतं ते.

परळच्या आमच्या घरात पगार किती हे नंतर विचारतात. बाबा गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पहाटे डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कोणी आला नाही, तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, तुमचं नाव पुकारणार, नाहीतर परत घरी. बाबा कायम व्हायच्या आत संप आला आणि गिरणी गेली. पुढे ते भायखळ्याच्या भाजीबाजारात एका गाळ्यावर हिशेबाच्या वह्या लिहायला लागले. तिथेही कायम असं काही नव्हतंच.

मी नर्स. परळच्याच एका हॉस्पिटलात बारा वर्षं काढली, शेवटी शेवटी वॉर्ड माझ्या ताब्यात होता. नवरा वारल्यावर ओवीला घेऊन आईबाबांकडे आले आणि तिच्यासाठीच इथे यायचं ठरवलं. इथे म्हणजे एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात. इथे सिस्टरचा ड्रेस निळा, मदतनिसाचा हिरवा. माझा हिरवा. आपल्याकडचं सर्टिफिकेट इथल्या सरकारने मान्य करायचं आणि भाषेची वरची परीक्षा पास व्हायची, तोवर मी मदतनीस. आंघोळी घाला, डायपर बदला, भरवा. इंजेक्शनला हात लावायचा नाही. मला इथे पाठवणारा एजंट म्हणाला होता, थोड्या महिन्यांचा प्रश्न आहे. दीड वर्ष झालं. कामाची मला लाज नाही, पण राग येतो, आणि तो जर्मनमध्ये कसा काढायचा ते अजून शिकले नाही.

पगाराचं सांगते. इथे तासाचा किमान पगार सरकार ठरवतं आणि तो खरोखर मिळतो. आपल्या वॉर्डातल्या कंत्राटी मावश्यांना हे सांगितलं, तर त्या माझ्याकडे बघून हसतील. त्या किमान पगाराच्या खाली इथे कोणी नाही. मी बरोब्बर त्याच्यावर उभी आहे. खोलीभाडं, विमा, टॅक्स, घरी पाठवायचे, हे सगळं जाऊन माझं एकटीचं भागतं. पण लेकीला आणायचं तर राहायला पुरेशी जागा आणि दोघींना पुरेल इतका पगार दाखवावा लागतो. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला, अगदी सभ्यपणे. किमान पगारात मी बसते, आम्ही दोघी बसत नाही. निळा ड्रेस मिळाला की बसू. सर्टिफिकेट मान्य झाल्याचं पत्र आलं का, म्हणून तेव्हापासून रोज टपालपेटी उघडते.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या सुहासने मोबाइलवर जर्मनीचा सरासरी पगार शोधून दिला. बाबांनी तो रुपयांत करून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. त्या सरासरीत गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनिअर आले, सर्जन आले, बँकेतले साहेब आले. पण बाबांच्या लेखी तो माझाच पगार. "बरो आसा गो," म्हणाले. आणि मी शहाणी, गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. ओवीने एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आई, तुझा ड्रेस तुझ्या मागच्या त्या सिस्टरसारखा का नाही?" दुसऱ्या दिवशी मी एका मैत्रिणीचा निळा ड्रेस घालून फोटो काढला आणि पाठवून दिला. आईने तो प्रिंट करून कपाटाला चिकटवला.

यंदा मार्चमध्ये बाबांनी ओवीचा शाळेचा दाखला काढला. सगळ्या कामांसाठी सहीचं पत्र मीच निघताना देऊन आले होते. "जूनमध्ये ती आईकडेच जाणार, मग इथे जागा कशाला अडवायची," असं शाळेत सांगून आले, आणि मला फोनवर सहज कळवलं. दादरच्या त्या शाळेत नंबर लागावा म्हणून मी रात्रपाळी करून तशीच रांगेत उभी राहिले होते. जूनमध्ये ओवी जर्मनीत नसणार, आणि आता शाळेतही नसणार. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. एका आजोबांच्या शर्टाची बटणं दोनदा चुकीची लावली, शेवटी त्यांनीच माझा हात बाजूला केला.

रविवारी फोन केला आणि बोलून टाकलं. "बाबा, मी अजून बदलीच आहे. तो ड्रेस माझा नव्हता."

बाबांच्या हातातला फोन आईने घेतला. आई कधी फार बोलत नाही. म्हणाली, "फोटोत ड्रेस तुझ्या खांद्यावरून उतरत होता. मला तेव्हाच कळलं." पुढे म्हणाली, "ह्यांचं पण तसंच. लग्न नवीन होतं तेव्हा रोज डबा घेऊन जायचे, पाळी सुटायच्या वेळी यायचे. शर्टाला कापूस नसला की मी समजायची, आज बोलावलं नाही. डबा बागेत बसून खाल्लाय."

मागून बाबांचा आवाज आला, "तुला माहीत होतं?"

"शर्ट धुवत कोण होतं?" आई म्हणाली.

मी रडले, ते त्यांना ऐकू गेलं असणार. मग बाबांनी फोन घेतला. "दाखला परत घेतात काय बघतो. उद्या जाऊन उभा राहतो." तीन दिवस ते शाळेच्या गेटवर उभे राहिले. चौथ्या दिवशी हेडबाईंनी आत बोलावलं. ओवी आता पाचवीत त्याच शाळेत आहे, आणि कपाटावर माझा हिरव्या ड्रेसमधला फोटो आहे. माझ्यासारखे जे बाहेर आलेत, त्यांनी घरी पाठवलेले आपले फोटो एकदा आईच्या नजरेने बघावेत.

परीक्षेचा निकाल अजून यायचाय. निळा ड्रेस मिळेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही, आणि भीती वाटते. निघताना मला वाटायचं, घर म्हणजे जिथे यश घेऊन परतायचं ते. आता रोज उठते तेव्हा बाबांचा मेसेज आलेला असतो, पहिल्या पाळीच्या वेळचा. "बोलावलं?" मी लिहिते, "अजून नाही." हे दोन शब्द मी जगात आणखी कोणाला लिहू शकत नाही.

लगेच उत्तर येतं. "डबा खाऊन घे."