आषाढात उघडलेली वखार

ही हकिकत मी पन्नासहून अधिक वर्षं टाळत आलो. टाळत आलो म्हणजे गप्प बसलो असंही नाही. ती अनेकदा सांगितली, पण खोटी सांगितली.

माझा नातू पुण्यात व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करतो. गेल्या सुट्टीत त्यानं आपल्या विषयांची यादी मला वाचून दाखवली. खरेदी, साठवण, विक्री, वित्त, मनुष्यबळ. यादी संपल्यावर म्हणाला, "आजोबा, तुमच्या वर्गातला तो अडाणी नोकराचा वखारीचा किस्सा नीट सांगा ना. मला प्रबंधात घालायचाय. आमच्यात त्याला केस म्हणतात." मी म्हटलं, "उद्या सांगतो." तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला आणि मी सुटलो. पण किती दिवस सुटायचं? म्हणून लिहायला बसलो आहे.

तो 'अडाणी नोकर' म्हणजे आमच्या पेढीवरचे चाचा. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते नाव बाजारात मीच बुडवलं. आता ते पुन्हा कागदावर आणण्याचा मला हक्क नाही.

चाचांना पाहायचं तर गुळाच्या ढिगापाशी पाहावं. रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, समोर आला की ते उजव्या अंगठ्याचं नख त्यावर ओढत. नखाला लागलेला कण नाकाशी नेत, मग जिभेवर ठेवत आणि आकाशाकडे बघत उभे राहत. व्यापारी चुळबुळ करू लागले की म्हणत, "दम धरा की. मालच सांगंल." दरवर्षी एक अंगठा झिजतो म्हणून आपण दोन घेऊन जन्मलो, असंही ते म्हणायचे.

गाव कोल्हापूर, काळ महाराजांच्या कारकिर्दीतला. गुळाची नवी पेठ वसून बहरली होती, रेल्वेनं माल बाहेर जात होता आणि गावात शिक्षणाचं वारं शिरलं होतं. नवी वसतिगृहं निघत होती, शाळा निघत होत्या. माझ्या काकांची पेठेत गुळाची अडत होती. शेतकऱ्यांचा माल ठेवून घ्यायचा, विकून द्यायचा. मी मुंबईला जाऊन व्यापारशास्त्राची परीक्षा देऊन आलो होतो. अंगात कोट आणि बगलेत इंग्रजी पुस्तक. पेढीच्या माडीवर मी व्यापाऱ्यांच्या तरुण मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला, तेव्हा गावात माझं कौतुक झालं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी मी चाचांना माझे विषय वाचून दाखवले होते.

"समदं झालं," ते म्हणाले. "माणसाचा इषय कुठं हाय?"

"शेवटी आहे. मजुरांची व्यवस्था."

"शेवटाला व्हय? आनि किती दिसाचं शिक्षान हे?"

"दोन वर्षांचं."

"दोन वर्षांत गूळ कळत न्हाई धाकलं मालक, तुमी माणूस शिकवून मोकळं हुताय!" असं म्हणून ते एवढ्या मोठ्यानं हसले की खाली हमालही हसायला लागले. मला राग आला. पण खरी गोष्ट ही की माझ्या वर्गातली निम्मी अक्कल मी त्यांच्याकडूनच चोरत होतो.

एकदा शाहूवाडीकडून एक गाडी आली. चाचांनी नख ओढलं, वास घेतला आणि गाडीवानाला विचारलं, "गुळव्या बदललासा काय पावणं?" गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवणारा. गाडीवान बघतच राहिला. जुन्या गुळव्याचा पाय मोडला होता आणि त्याचा मेहुणा काहिलीवर बसला होता. "त्याला सांगा," चाचा म्हणाले, "जाळ कमी घाल म्हनावं. बायकोवरचा राग रसावर काढतोय." गाडीवान म्हणाला, "चाचा, तुमास्नी भांडान बी कळतंय व्हय वासावरनं?" हा प्रसंग मी वर्गात 'मालाची पारख' म्हणून सांगितला. चाचांचं नाव घेतलं नाही.

विक्रीचंही तसंच. गुजरातचे व्यापारी आले की इतर पेढ्यांवर सोन्यासारखा रवा आधी पुढे करत. चाचा सगळ्यांत काळा, चिकट रवा आधी दाखवायचे. "ह्यो वाईट हाय," म्हणायचे. "आता चांगला बघा." व्यापारी दुसऱ्या रव्याला हातही न लावता सौदा करत. त्यांनी चांगला म्हटलेला माल कुणी फोडून बघत नसे.

आणि हमाल. एकाच्या पाठीवरून रवा निसटून फुटला, तेव्हा काका ओरडतच बाहेर आले. चाचांनी हमालाला घरी पाठवलं आणि काकांना म्हणाले, "त्याचं पोरगं तापानं फणफणलंय. मन घरात आनि पाठीवर रवा, पडनारच की. उद्या दोन खेपा जास्त करंल बघा." दुसऱ्या दिवशी त्यानं तीन केल्या. मी हे वहीत टिपून घेतलं आणि वर इंग्रजीत मथळा दिला.

आता वखारीकडे येतो. हात थांबतोय, पण येतो.

काही शेतकरी हंगामातला गूळ लगेच न विकता आमच्या वखारीत ठेवत. दसऱ्याच्या सुमाराला भाव चढतो, तेव्हा तो निघे. पावसाळ्यात गुळाला हवा लागली की तो पाझरतो, आंबतो. म्हणून मृगाच्या आधी चाचा वखार बंद करायचे. फळ्यांवर रवे रचायचे, भोवती भाताचं तूस घालायचं, दाराच्या आतल्या अंगाला उसाचं वाळलं पाचट ठासून भरायचं आणि बाहेरून फटी शेणमातीनं लिंपायच्या. मागच्या झरोक्यातून शेवटी ते स्वतः बाहेर पडत आणि तोही लिंपून टाकत. मग किल्ली कमरेला. ती दसऱ्यालाच सुटे.

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की साठवलेला माल दर पंधरवड्याला तपासावा आणि त्याचं पत्रक ठेवावं. काका मुंबईला गेले होते. ते परत येतील तेव्हा त्यांच्यापुढे असं पत्रक ठेवावं आणि तेच वर्गात दाखवावं, असं माझ्या मनानं घेतलं. आषाढात चार दिवस उघडीप पडली. मी किल्ली मागितली.

"आषाढात वखार उघडायची नसती, धाकलं मालक."

"चाचा, मी शिकून आलोय ते उगीच का?"

"शिका की. पर किल्ली दसऱ्याला."

"मालक कोण? तुम्ही की मी?"

हे मी त्यांना म्हणालो. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्यांनी कमरेची किल्ली सोडली, गादीवर ठेवली आणि म्हणाले, "उघडा. पर बाहीर पडताना पाचट हुतं तसं भरा. त्येवढं इसरू नगासा."

मी दार ढकलून आत गेलो, पाचटाचा ढीग कोपऱ्यात सारला आणि दुपारभर रवे मोजत, मालकांची नावं लिहीत बसलो. सुरेख पत्रक झालं. निघताना पाचट भरायला घेतलं तर पाती हाताला कापू लागली, मानेत कुसळं रुतली, कोटाला तूस चिकटलं. दोन कवळे कसेबसे टाकले. झरोक्यातून बाहेर पडण्याचा तर प्रश्नच नव्हता. दार ओढून घेतलं आणि बाहेरून फटी लिंपल्या. त्या मात्र चांगल्या लिंपल्या, कारण त्या दिसणार होत्या.

चाचा संध्याकाळी आले. लिंपणावरून बोट फिरवलं.

"आतनं पाचट भरलं न्हवं?"

"भरलं."

"दाबून?"

"हो, चाचा. दाबून."

ज्या माणसानं बाजारातल्या कुठल्याही रव्यावर नख ओढल्याशिवाय विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्या शब्दावर ठेवला. मागचा झरोका न बघताच किल्ली कमरेला लावून ते घरी गेले. तेव्हाही मी खरं बोललो असतो तर तासाभरात सगळं निस्तरलं असतं. पण उद्या हमालांसमोर ते हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाचटाची चौकशी होईल या धास्तीनं ते पत्रकही मी काकांना किंवा वर्गात कधी दाखवलं नाही.

दसऱ्याला वखार उघडली. दार उघडायच्या आधीच आंबूस वास आला. दारामागे पाचट जेमतेम दोन कवळे होतं, दाराकडचे रवे बसले होते, काळे पडले होते, फळ्यांखालून पाक ओघळून जमिनीवर थिजला होता. ज्यांचा माल होता ते शेतकरी गाड्या घेऊन आले होते, ते दारातच उभे राहिले. हमाल उभे होते. माझ्या वर्गातली दोघं-तिघं गंमत बघायला आलेली.

काकांनी विचारलं, "किल्ली कुणापाशी हुती?"

"माझ्यापाशी," चाचा म्हणाले.

"मग उघडलं कुणी दार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. वाचकहो, त्या नजरेत दटावणी नव्हती. त्यांनी फक्त मला वेळ दिला. बराच वेळ दिला. मी हातातल्या छत्रीची मूठ बघत राहिलो.

"तीस वरसं ह्या पेढीवर काढलीस," काका ओरडले, "आनि एक दार सांभाळाया आलं न्हाई तुला?" एरवी काका त्यांना अहोजाहो करत.

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी पुढं झाला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "चाचा, तुमच्याकडं बघून ठेवला हुता की ओ माल."

चाचांनी त्याच्यापुढे हात जोडले. "व्हय पावणं. चुकलं माझं. माफी करा."

मी केलेल्या चुकीची माफी त्यांनी अशी एका दमात मागितली. किल्ली काकांच्या हातात दिली, पायताण घातलं आणि पेठेतून चालत गेले.

दुसऱ्या पेढीनं त्यांना ठेवलं नाही. ज्याच्या 'चांगला' या शब्दावर माल विकला जायचा, त्यानं वखार उघडी टाकली म्हटल्यावर त्या शब्दाला कोण विचारणार? दोन महिने ते पेठेत येऊन कट्ट्यावर बसत. मग येईनासे झाले. पुढं एका हमालानं मला सांगितलं की त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं चाचांना विचारलंही होतं, का गप्प बसला म्हणून. चाचा म्हणाले होते, "पोरगं गावाला शिकवाया लागलंय. बोललो असतो तर वर्ग मोडला असता." हमालानं एवढं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघून पचकन बाजूला थुंकला. बरोबर केलं त्यानं.

वर्ग मोडला नाही. तो चांगला चालला. आणि आता जे सांगायचं आहे ते वखारीहूनही वाईट आहे. त्याच हिवाळ्यात 'साठवण' हा विषय शिकवायची वेळ आली, तेव्हा समोरच्या पोरांपैकी एकानं विचारलं, "सर, आपल्या वखारीत काय झालं?" मी खडू हातात घेऊन म्हणालो, "अडाणी नोकराच्या हाती किल्ली दिली की काय होतं, त्याचं हे उदाहरण." पोरांनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, तरी मीच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यात रंग भरले; नोकर झोपला होता म्हटलं. मुलं हसली. ती मुलं पुढे व्यापारी झाली, त्यांनी आपल्या मुलांना सांगितलं, आणि असा फिरत फिरत तो किस्सा माझ्याच नातवाच्या तोंडून माझ्यापाशी आला.

मधली एक गोष्ट राहिली; महाराज अजून गादीवर होते तेव्हाची. काका वारले होते, पेढी माझ्याकडे आली होती. चाचा आजऱ्याला लेकीकडे असतात असं कळलं. मी ठरवून गेलो. वाटेत गाडीवानाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं वाक्य पाठ करत गेलो: चाचा, दार मी उघडलं, पाचट मी भरलं नाही, आणि तुम्हाला बदनाम मी केलं. मला माफ करा.

अरुंद गल्ली, समोरासमोर दारं. चाचा ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी खांदे धरून बसवलं. त्यांची लेक आतून आली. म्हणाली, "अब्बास्नी आता ऐकाया येत न्हाई. वरडून बोला. लई वरडाय लागतंय."

मग आम्ही ओरडून बोललो. "बरं हाय न्हवं?" "बरं आहे!" "पेठ कशी हाय?" "चाललीय!" "मालक?" "गेले हो, काका गेले!" दारादारांतून बायका बाहेर आल्या, समोरचा एक दाढीवाला हातातलं काम टाकून बघू लागला. कुणी म्हणालं, "पावणं कोल्हापूरचं दिसत्यात, आवाज बघा की!" गल्ली हसली, चाचाही हसले. त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं आणि माझा हात आपल्या हातात घेऊन विचारलं, "वर्ग चाललाय न्हवं तुमचा?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि पाठ केलेलं वाक्य हळू आवाजात म्हटलं. सगळं म्हटलं.

"आं?"

पुन्हा म्हटलं. आवाज आणखीच खाली गेला.

"मोट्यानं, मोट्यानं!" ते म्हणाले आणि तळवा कानामागे धरून माझ्याकडे सरकले. कोल्हापूरचे पावणे काय म्हणतात ते ऐकायला सगळे थांबले. समोरच्या बाईनं रडणारं पोर गप्प केलं. मी चोहीकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं ओरडलो,

"तब्येतीला जपा म्हणतोय, चाचा!"

"व्हय व्हय," ते म्हणाले, "जपतोय की."