हजेरीचे अंगठे

शिपाई नाना २००३ सालच्या जूनमध्ये नाशिकला, मुलीच्या घरी वारले. पेठकडच्या डोंगरातल्या एका ग्रामपंचायतीत त्यांनी आयुष्यभर शिपायाची नोकरी केली होती. ते वारले तेव्हा त्यांची एक तक्रार परदेशातल्या एका बँकेच्या मुख्यालयात पडून होती.

ग्रामसभेत मत घ्यायची वेळ आली की नाना माणसांमधून फिरत आणि वर केलेला प्रत्येक हात बोटाने शिवून मोजत. लांबून मोजणं त्यांना मान्य नव्हतं. "हात खाली घिऊ नका, मी येतोय," असं ओरडत ते मागे बसलेल्या बायकांपर्यंत जात. सरपंच वैतागत. "नाना, इथं काय दिल्लीचं सरकार पाडायचंय?" नाना म्हणत, "दिल्लीचं ते बघतील. हितलं मला बघू द्या."

लोक सभा अर्ध्यावर टाकून शेतावर निघून जात. म्हणून नाना सभा सुरू होण्याआधीच हजेरीच्या कागदावर सगळ्यांचे अंगठे घेऊन ठेवत. विषय आणि ठराव नंतर. आसपासच्या गावांतही हीच पद्धत होती. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

१९९७ साली तिथे धरण ठरलं. घरं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. कर्ज अनेक देशांनी मिळून चालवलेल्या बँकेचं होतं आणि गावाची संमती ही तिची अट होती. ग्रामसभा भरली. नानांनी अंगठे घेतले, मग हात मोजले. धरणाच्या बाजूने एकही हात वर झाला नाही.

मी तेव्हा नाशिकच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. पुढच्या वर्षी बँकेच्या अहवालाची प्रत मला मिळाली. ती गावात नेऊन मी वाचून दाखवली. गावाने संमती दिल्याचं त्यात लिहिलं होतं. पुरावा म्हणून हजेरीचा कागद जोडला होता. ठरावाचा कागद नव्हता. नाना तो कागद बघत राहिले. "हे अंगठे मी घेतले," एवढंच म्हणाले.

नंतर बँकेचं पथक पाहणीला आलं. त्यात मराठी जाणणारा एक अधिकारी होता. नानांनी त्याला विचारलं, "तुमच्या बँकेत ठराव कसा होतो?"

"सगळ्या देशांचे प्रतिनिधी बसतात. ज्या देशाचा वाटा मोठा, त्याची मतं जास्त."

"म्हंजी ज्याची जमीन जास्त, त्याला हात जास्त?"

"तसं समजा. पण तुमचाही प्रतिनिधी आहे तिथे, काका."

"त्याला कोणी निवडला?"

"तुमच्या सरकारने नेमलाय."

"मंग त्यानं आमाला कवा इचारलं?"

मागून एक जण म्हणाला, "नाना, त्याचा हात शिवायला इमानात बसावं लागंल." लोक हसले. नाना हसले नाहीत. अधिकाऱ्याने त्यांना बँकेच्या तक्रार विभागाचा पत्ता लिहून दिला.

तक्रार मी लिहून दिली. ती घेऊन नाना चार दिवस घरोघर फिरले. कोणी अंगठा दिला नाही. त्यांच्या सख्ख्या वहिनीने दारातूनच सांगितलं, "भावजी, एकदा तुमच्या कागदावर अंगठा दिला आन् गाव चाललं. आता नाय." नाना तिच्याशी वाद घालायला थांबले नाहीत. तक्रार त्यांच्या एकट्याच्या सहीने गेली. तक्रार विचाराधीन असल्याचं बँकेने कळवलं.

२००२च्या पावसाळ्यात पाणी अडवलं आणि गाव बुडालं. लोक पांगले. नाना मुलीकडे आले. दर महिन्याला ते आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत येत, चप्पल दाराबाहेर काढत आणि विचारत, "आलं का?" मी नाही म्हणायचो. चहा घेत नसत. शेवटचे आले ते मे महिन्यात. धाप लागत होती. जिना उतरताना थांबून म्हणाले, "मी नसलो तरी तुमी लिहीत ऱ्हा. बंद पडू दिऊ नका."

ते वारल्यावर आठवड्याभरात मी बँकेला पत्र पाठवलं. तक्रारदाराचं निधन झालं आहे, पुढचा पत्रव्यवहार माझ्या पत्त्यावर करावा, असं कळवलं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं. तक्रारीवर एकच सही होती, ती करणारी व्यक्ती हयात नसल्याचं आपल्या पत्रावरून समजलं आणि त्यामुळे प्रकरण बंद करण्यात आलं आहे, असं त्यात लिहिलं होतं.